किल्ली कंपनीपाशी

मी एक जुना बटणांचा फोन आहे, मित्रांनो. किंमत नऊशे रुपये. दुकानात शेजारी ठेवलेला, कुठलंही सिम चालणारा खुला फोन दोन हजारांचा होता.

जन्म.
कारखान्यात माझ्या पोटात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर घातलं. ते कुणीही उघडावं, वाचावं, बदलावं म्हणून लोकांनी मिळून लिहिलेलं. माझ्या कंपनीने त्यावर कुलूप घातलं. फक्त आमचंच सिम चालेल. म्हणून मी स्वस्त. डब्यावर हे इंग्रजीत छापलं होतं, मुंगीएवढं.

काम.
मारेगावच्या दुकानातून मला बिजलीबाईने घेतलं. कापूस वेचताना बाया आपले फोन बांधावरच्या हिवराच्या झाडाला पिशवीत टांगतात. रेंज तिथेच येते. जिचा वाजेल तिला जवळची बाई हाक मारते. माझ्या कंपनीची रेंज तिथेही नव्हती. मी कधी वाजलो नाही.

तिची लेक जमनी राजूरला दिलेली. दुसऱ्या बाळंतपणाचे दिवस भरत आले. "कळा सुरू झाल्या का फोन कर, मी येतोच," बिजलीबाईने कबूल केलं. सोबत वेचणाऱ्या रुपीबाईचा फोन बांधावर वाजायचा, म्हणून तिने त्याच कंपनीचं सिम आणून माझ्यात घातलं. मी इंग्रजीत सूचना दाखवली, हे सिम चालणार नाही. तिने बटण दाबलं. सूचना गेली, वेळ दिसली.

"चालू झाला व माय!"
"दिसते तं घड्याळ," रुपीबाई म्हणाली. "टांग मंग."

नवा नंबर जावयाकडे गेला. चार दिवस मी हिवराला लटकून बरोबर वेळ दाखवली.

पाचव्या दिवशी जावईच बांधावर आला. "पोरगी झाली. काल. जमनी सारखी फोन लावून राह्यलती. तुमचा बंदच."
"बंद? हा पाहा ना, चालू हाये!"
चार वाजून दहा मिनिटं.

दुकान.
"मावशी, यात दुसरं सिम चालत नाही. किल्ली कंपनीपाशी," मारेगावचा दुकानदार पिंटू म्हणाला.
"फोन माहा, अन् किल्ली त्यायच्यापाशी? काहून?"
पिंटूने दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

राजूर.
"याडी, तू येतो म्हणे," जमनी आईला एवढंच म्हणाली. बिजलीबाईने मला तिच्या उशाशी ठेवलं, साक्षीला आणल्यासारखं. जमनीने कूस बदलली.

मला काही वाटलं नाही. वाटायची सोय माझ्यात नाही.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून, पाण्यापासून जपा. पण त्याआधी, घेतानाच, दुकानदाराला विचारा की याचं कुलूप उघडतं का आणि कोण उघडू शकतं. नऊशे रुपये हातात धरून उभ्या असलेल्या बाईच्या वतीनेही विचारा. मला सगळं ठाऊक होतं. तुम्हाला बोलता येतं.