दोनदा दाबायचं, मग थांबतो

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. माझा मूळचा निळा रंग आता फक्त दारांच्या आतल्या बाजूला उरला आहे. मोंटानाच्या डोंगरात ओल्सनांच्या घरी मी नवा कोरा आलो, तेव्हा म्हातारे आर्विड तरुण होते. मी त्यांचं सरपण वाहिलं, गवताच्या गाठी वाहिल्या, एकदा चर्चचा पियानोही वाहिला. तेव्हा माझं कौतुक होई. पुढे घरात मोटार आली आणि मी कोठाराआड उभा राहू लागलो. त्याचं मला फारसं वाटलं नाही.

फार पूर्वी, बर्फ पडायच्या आत उरकावं म्हणून, आर्विडनी माझी पुढची दोन्ही चाकं एकदम काढली आणि ब्रेकच्या चकत्या आवळणारे नवे कॅलिपर बसवले. आमच्याकडे गाडी गॅरेजात नेणं म्हणजे चूल पेटवता येत नाही म्हणून शेजारी जेवायला जाणं. तेव्हापासून माझं ब्रेकचं पायडल ओल्या पावासारखं आत जाई. दुसऱ्यांदा दाबलं की मी थांबे. त्यांचा मुलगा लोवेल तसंच चालवायला शिकला. तो घरचा रिवाजच झाला.

यंदा मोटार बंद पडली. सोमवारपासून सून मारेनला खालच्या गावातल्या शाळेत शिकवायला जायचं होतं आणि तान्ह्या आयडालाही तिथेच सांभाळायला ठेवायचं होतं. म्हणजे रोज लेकीला घेऊन घाट उतरायचा.

"दोनदा दाबायचं, पोरी, मग थांबतो," आर्विड म्हणाले.

"आणि हरीण आडवं आलं तर, बाबा? थांब रे, माझं अजून एकदा दाबायचं राहिलंय, असं सांगू त्याला?"

पायडल घट्ट झाल्याशिवाय आयडाला ट्रकमध्ये नेणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला लोवेल पाना घेऊन माझ्याखाली शिरला. मारेन आयडाला मांडीवर घेऊन, तिच्या तोंडाला बाटली लावून आत बसली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय. जन्मभर धरू का?"

"सोड."

तेल आलं, स्वच्छ आलं, बुडबुडा एकही नाही. पायडल मात्र मऊच.

"वरचा, पायडलामागचा पंप गेला असणार," आर्विड म्हणाले.

मारेन बाटलीकडे बघत होती. आयडाच्या पोटात हवा जाऊ नये म्हणून ती बाटली तिरकी धरे. हवा वर बुडाशी जाई, बोंडाशी दूधच राही. ती खाली उतरली आणि चाकामागे वाकली.

"लोवेल, हवा काढायचा स्क्रू खालच्या अंगाला का आहे?"

"तिथेच असतो तो. लहानपणापासून बघतोय."

"हवा तर वर जाते. ही बाटली बघ."

आर्विडनी टोपी काढली, वाकून दोन्ही चाकं पाहिली. "डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय, उजवा डावीकडे. म्हणून स्क्रू खाली गेलेत," ते सावकाश म्हणाले.

"बुटांचंही असंच करता का, बाबा?"

"बर्फ येणार असेल तर करतो."

कॅलिपरची अदलाबदल झाली, स्क्रू वर आले. पुन्हा दाब, धर, सोड. या वेळी तेल फसफसत आलं. इतकी वर्षं कोंडलेली हवा गेली.

मारेननं आधी मला एकटीनं घाटातून उतरवलं. शेवटच्या वळणावर तिनं एकदाच पायडल दाबलं. मी थांबलो. मग ती आयडाला न्यायला परत फिरली.

आर्विड अजून सवयीनं दोनदा दाबतात. मी पहिल्यालाच थांबतो आणि त्यांची टोपी काचेवर जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याच्या दुखण्याला त्याची सवय म्हणू नका. एकदा वाकून बघा. आम्हाला सांगता येत नाही. आम्ही नुसते मऊ होतो.