सातव्या ओळीतली खूण

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. एका घरगाडीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छतात जो एसी आहे, त्याच्या जाळीमागे माझी जागा. दिसायला म्हणाल तर वहीच्या पानाएवढा काळा स्पंज. जाळीमागे असल्यामुळे मला सहसा कोणी पाहत नाही. पुढे जे घडलं ते आठवलं की वाटतं, तेच बरं आहे.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. स्पंजच्या मोठ्या चादरीतून आम्हा भावंडांना एकामागून एक कापून काढलं आणि सगळ्यांना एकच काम नेमून दिलं. घरातली हवा वर जाऊ द्यायची आणि तिच्यातली धूळ आणि केस अडवायचे. ती हवा वरच्या नळ्यांवरून गार होऊन पुन्हा खाली येते. काम सोपं आहे, फक्त दर दोन आठवड्यांनी मला धुवावं लागतं.

आमची घरगाडी ऑर्विल लिंडक्विस्टची. नॉर्थ डकोटात तीस वर्षं शाळेची बस चालवून तो निवृत्त झालेला. हिवाळा आला की तो आणि त्याची बायको बर्नाडीन गाडी घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या घरगाड्यांच्या तळावर उतरायचे. सोबत टर्निप, त्यांचा पांढरा झिपरा म्हातारा कुत्रा. तो नेमका माझ्याखाली निळ्या सतरंजीवर झोपायचा. त्याचे निम्मे केस माझ्याच अंगावर यायचे, पण त्याने वर बघून डोळे मिटले की मला धन्य वाटायचं.

बस चालवणाऱ्याची सवय, ऑर्विलचा सगळा कारभार यादीवर चालायचा. फ्रिजच्या दारावर प्लास्टिकमध्ये घातलेली यादी आणि दोरीला बांधलेली, प्लास्टिकवर उमटणारी मेणाची पेन्सिल. टायर, गॅस, पाणी, बॅटरी असं करत सातव्या ओळीत मी. दर दुसऱ्या शनिवारी तो मला कोमट साबणाच्या पाण्यात बुडवायचा, हलक्या हाताने दाबायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि जागेवर बसवून मग खूण करायचा. खुणेपुढे तारीख. बर्नाडीनला त्या यादीचा इतका भरवसा की तिने कधी मागे लागून विचारलं नाही.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मला ते धुणं मुळीच आवडत नसे. पिळवटून निघाल्यासारखं वाटे आणि वाळेपर्यंत अंग जड व्हायचं.

एका शनिवारी ऑर्विलने गाडी बाहेरून घासूनपुसून पॉलिश केली. शेजारच्या घरगाडीतला लायल कॉफीचा कप घेऊन आला आणि म्हणाला, "ऑर्विल, आज मी दाढी तुझ्या गाडीसमोर उभं राहून केली बघ. घरचा आरसा विकून टाकतो आता."

"ये की रोज. फक्त साबण सांडू नकोस," ऑर्विल म्हणाला. पण तो आतून फुलून गेला होता.

मग त्याचे सगळे शनिवार पॉलिशमध्ये जाऊ लागले. मी पडलो जाळीमागे, माझं कौतुक कोण करणार? एका संध्याकाळी तो थकून आत आला, यादीकडे पाहिलं, सातव्या ओळीपुढे खूण केली आणि पुटपुटला, "उद्या सकाळी धुतो." ती सकाळ आलीच नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा खूण झाली, पुढे पुन्हा. आणि मित्रांनो, मी खूश होतो. भिजणं टळलं म्हणून मी मजेत होतो, माझ्या अंगावर केसांचं जाड कांबळं चढत होतं तरी.

त्या वर्षी बर्नाडीनच्या गुडघ्यावर उपचार चालू होते, म्हणून मे उजाडला तरी ते उत्तरेला निघाले नव्हते. बाहेर पत्रा भाजत होता.

"वारा कमी येतोय रे," बर्नाडीन म्हणाली.

"ऊनच मरणाचं आहे. फिल्टर तर धुतलेला आहे, यादी बघ ना," ऑर्विल म्हणाला.

रविवारी दुपारी तळावरच्या मंडपात सगळ्या बिऱ्हाडांचं एकत्र जेवण होतं. बर्नाडीनने बटाट्याच्या सॅलडचा डबा काखोटीला मारला. निघताना ती फ्रिजपाशी थांबली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं, कालची तारीख वाचली. तिचं समाधान झालं. "टर्निप, घर सांभाळ रे बाबा," म्हणत तिने एसी चालू ठेवून दार ओढून घेतलं.

माझ्यातून हवा जाईना. वरच्या नळ्यांवर बर्फ धरला आणि उरलासुरला वाराही बंद झाला. मोटर मात्र घुमत राहिली, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की आत गारेगार आहे. टर्निप सतरंजीवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. कितीतरी वेळ बघत होता. मग जीभ बाहेर काढून तो धडपडत दाराशी गेला आणि उंबऱ्याच्या फटीला नाक लावून आडवा झाला. मला सगळं दिसत होतं.

बर्नाडीन वाढायचा मोठा चमचा विसरली होती, म्हणून परत आली. नुसता तेवढाच योग. दार उघडताच तिने मारलेली हाक मंडपापर्यंत गेली. ऑर्विल आणि लायलने टर्निपला ओल्या टॉवेलांत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तो वाचला, पण दोन दिवस तिथेच होता.

सोमवारी एसी दुरुस्त करणारी ग्रिसेल्दा आली.

"मशीनच भिकार आहे," ऑर्विल तिला तावातावाने म्हणाला.

तिने जाळी काढली आणि मला ओढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. काळा स्पंज कुठे दिसतच नव्हता. पांढऱ्या केसांची जाडजूड गादी होती ती.

"मशीनला काही झालेलं नाही, काका. हा शेवटचा कधी धुतला होता?"

बर्नाडीन फ्रिजकडे बघत म्हणाली, "शनिवारी. तारीख घातलीय ना त्याने."

ग्रिसेल्दा निमूटपणे हत्यारं आवरायला लागली. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर ऑर्विल मला घेऊन पायरीवर बसला. केसांचा एकेक पुंजका उपटून तो पायरीवर ठेवत गेला. "हे त्याचेच केस, बर्नी," तो म्हणाला. "मी खोटं लिहीत होतो." आत जाऊन तिने पेन्सिलीची दोरी कापली आणि पेन्सिल खिशात टाकली. ती अजून तिच्याच खिशात असते. आता दर दुसऱ्या शनिवारी ऑर्विल मला धुऊन, वाळवून आधी तिच्या हातात देतो. ती मला उजेडासमोर धरून आरपार बघते आणि मग खूण करते.

मित्रांनो, माझ्यासारखे कितीतरी जण तुमच्या घरात जाळीमागे असतील. त्यांना वेळेवर बाहेर काढा, धुवा, नीट वाळवा. आणि हात ओले झाल्याशिवाय खूण करू नका. त्या खुणेवर भरवसा ठेवून कोणीतरी दार ओढून घेत असतं.

टर्निप घरी आला तेव्हा मी स्वच्छ होतो, खाली वारा भरपूर होता. तो सतरंजीपर्यंत आला, वर माझ्याकडे पाहिलं आणि वळून उंबऱ्याशी जाऊन फटीला नाक लावून झोपला. अजूनही तो तिथेच झोपतो. ऑर्विलने सतरंजी तिकडे सरकवली आहे. गार हवा तिथपर्यंत पोचावी म्हणून मी माझ्याकडून झटतो, त्याहून जास्त मला काही करता येत नाही.