पाळीवर फक्त गवत

"विनायकराव हे मनाने कोरडे गृहस्थ. गिरणी बंद पडल्यावर कामगारांनी तिची आठवण म्हणून नाल्याच्या पाळीवर लावलेली रोपे त्यांनी निव्वळ आकसाने उपटून टाकली." गेल्या रविवारी आमच्या मंडळाच्या सभेत एका वक्त्याने हे सांगितले, श्रोत्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच आवेशात पाळीवर पुन्हा वृक्षारोपण करण्याचा ठराव टाळ्यांनी संमत झाला. मी उभा राहिलो. "काका, बसा जी, अब पुरानी बातें काय काढायची," असे मला गोड शब्दांत सुचवण्यात आले. मी बसलो नाही. आणि येथेही बसणार नाही.

मला विनायकराव आठवतात ते श्रावणातल्या धुतलेल्या सकाळच्या उन्हात, हातातला काचेचा पेला सूर्यासमोर धरून उभे असलेले. विजारीचे पाय पोटरीपर्यंत दुमडलेले, बोटांना चिखल, आणि पेल्यातल्या घोटभर पाण्यातून गाळून आलेला प्रकाश त्यांच्या कठोर कपाळावर थरथरणारा. गिरणीच्या पाणीखात्याचे ते ओव्हरसियर. नाल्याचा पूर अडवण्यासाठी गिरणीने बांधलेली ती लहानशी पाळ, पोटात काळी माती आणि अंगावर मुरूम असलेली, त्यांच्या ताब्यात होती; आणि तिच्या पायथ्याखाली, हाकेच्या अंतरावर, कामगारांची अख्खी वस्ती झोपत होती. मातीच्या पाळीतून थोडे पाणी पाझरायचेच. ते नितळ असेल तर पाळ नुसता घाम गाळते आहे. ते गढूळ झाले तर तिच्या पोटातली माती निघून चालली आहे. पुजाऱ्याने तीर्थ न्याहाळावे तसे ते हे पाणी न्याहाळत, आणि कापड तपासण्याच्या खात्यातला मी त्यांच्या शेजारी उगाच उभा असे.

पहिल्या शिफ्टला निघालेले कामगार वरून ओरडत, "ओवरसीर साब, चाय समझके पी मत जाना!"

"चहाच्या रंगाचं झालं तर पिऊ नका, पळा!" हे त्यांचे उत्तर, मान न वळवता. हसणारे पुढे जात. ते मात्र हसत नसत.

मग तो काळ आला. बाजार मोकळा झाला म्हणून वर्तमानपत्रे हर्षभरित झाली होती आणि आमच्या गिरणीचा भोंगा एका सकाळी वाजलाच नाही. ज्या नादावर वस्तीतल्या चुली पेटत, तो हरपल्यावर दिवसाला आरंभ उरला नाही आणि संध्याकाळ ही नुसती काळोखाची वर्दी झाली. त्या पोकळीत कुणाला काहीतरी रुजवावेसे वाटले, तर त्यात नवल नव्हते. पाळीवर आधीपासून एक रोप होते. ते पाहून घरोघरच्या लोकांनी गिरणीच्या नावाने आपापले रोप तिथे लावले. कडुनिंब, पिंपळ, जांभूळ. ही रीत पहिल्या रोपापासून पडली. ते रोप कुणाचे, हे सभेत कुणी विचारले नाही. मी सांगणार आहे.

विनायकरावांची नोकरीही गिरणीबंदीच्या त्याच सूचनेने गेली होती. पेला मात्र गेला नव्हता. एका सकाळी ते पाळीवर चढले आणि दिवसाढवळ्या, सर्वांदेखत, त्यांनी एकेक रोप मुळासकट काढले. मुळांना ओले गोणपाट गुंडाळून ते ज्याच्या त्याच्या दारात ठेवले. हे गोणपाट वक्त्याच्या कथेत कोठे गेले? बहुतेकांनी ती रोपे रागाने दारातच वाळू दिली, हेही कोठे गेले?

मागावर उभे आयुष्य काढलेल्यांचा संताप मी ऐकला आहे. "नोकरी गई, अब इनको पेड़ भी खटकते हैं, भिया!" आणि सुशीलाबाई, जिच्या नवऱ्याने पिंपळ लावला होता, पदर खोचून आडवी आली: "साहेब, मिल गेली. आता तिची याद पण उपटता का?"

"याद अंगणात लावा, बाई. पाळीवर फक्त गवत."

स्वर रुक्ष होता, हे मी मान्य करतो. गोड बोलणे त्यांना कधी साधले नाही. पण रुक्ष बोलणे आणि आकस या दोन वस्तू निराळ्या आहेत, एवढे तरी वक्त्याला कळावयास हवे होते. डोंगरउतारावर झाड माती धरून ठेवते. पाण्याला छाती देऊन उभ्या असलेल्या पाळीत मात्र त्याचे मूळ ओल शोधत आरपार शिरते, आणि झाड वठून मूळ कुजले की त्याच्या जागी उरते ती पाण्याला आयती वाट. आज लावलेल्या पिंपळाची किंमत पुढची पिढी झोपेत मोजते.

विनायकराव गेले. पाळ गिरणीची, म्हणून कुणाचीच नाही. परवा मी काठी टेकत तिथे गेलो. जादा पाणी काढून देणारा सांडवा घरबांधणीच्या राडारोड्याने बुजला आहे, उतारावर घुशींची बिळे आहेत, आणि माथ्यावर नव्या वृक्षारोपणासाठी चुन्याच्या खुणा आखल्या आहेत. मी पायथ्याचे पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरले. नितळ आहे. अजून. त्या चुन्याच्या खुणा मी बुटाने पुसल्या. ठरावाचा भंग केला म्हणून माझ्यावर जी कारवाई करायची ती खुशाल करावी.

काळ माणसाला नेतो, त्याचा आवाजही नेतो, आणि मागे राहिलेले त्याच्या रिकाम्या जागेत आपल्या सोयीची आठवण लावतात. म्हणून मी पाहिले ते सांगून थांबतो. पाळीवरचे ते पहिले रोप बकुळीचे होते. पत्नी वारल्यावर, शहाणपण दुःखाखाली बुडालेल्या एका दुपारी, ते स्वतः विनायकरावांनी तिच्या नावाने लावले होते. आणि त्या सकाळी पाळीवर चढून त्यांनी सर्वांत आधी उपटले ते तेच.