‘सर्व समजले’ असे छापणारा

मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि मी सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! पोलीस चौकीत माझ्या शब्दावर कधी कोणी शंका घेतली नाही.

मित्रांनो, तुम्हाला हक्क समजावायला आलेल्या वकीलबाईंनी मला पिशवीतून काढून तुमच्या सुधारगृहातल्या या टेबलावर ठेवलं, तेव्हापासून तुम्ही माझ्याकडे खाऊ की गिळू करत बघताय. बघा, खुशाल बघा.

जिन्याखालच्या एका दुकानात माझा जन्म झाला. कारागिराने माझ्या पोटावर उलटी अक्षरं कोरली : ‘हक्क वाचून दाखवले, सर्व समजले.’ हवालदार हरखला. “अर्ध्या तासाचं काम एका ठोक्यात!” माझ्यासारखा मास्तर झाला नाही, मित्रांनो! आठवी नापास पोरगं समोर उभं करा. धप्प! कायद्यात पारंगत. पहिल्याच वर्षी मी नऊशे पंडित घडवले.

हवालदार हक्क वाचायचा एका दमात, चहा गार व्हायच्या आत. “गप्प राहण्याचा हक्क आहे वकील मागता येईल समजलं का रे?”

“समजलं, साहेब.”

धप्प!

पण काळीज मलाही होतं. एका दुपारी चोरीच्या संशयावरून एका मुलीला आणलं. दोन वेण्या, एकाच पायात चप्पल. बाहेर तिची मावशी दार बडवत होती. हवालदाराने स्वतःच लिहिलेला जबाब मुलीपुढे सरकवला. हिला काही म्हणजे काही समजलेलं नाही, हे मी ओळखलं. मग काय! त्याच्या मुठीतून सटकलो, थेट पंख्यावर उडी मारली आणि गरगर फिरत ओरडलो, “थांब पोरी, आधी वकील माग!” त्या कागदावर मी उठलोच नाही. म्हणून तर मला चौकीतून हाकललं. तेव्हा मित्रांनो, जुन्या शिक्क्यांना जपा, त्यांच्या पोटातही माया...

“खोटारड्या!”

शेवटच्या बाकावरून दोन वेण्या उठल्या.

“पंख्यावर म्हणे! पंखा नव्हताच तिथे. माझ्या कागदावर तू दोनदा उठलास, पहिला ठसा पुसट आला म्हणून. गप्प राहण्याचा हक्क आहे म्हणाले, मला वाटलं गप्प बस म्हणून दम देतायत. मावशी हाका मारत होती, मी ओसुद्धा दिली नाही. वकील मागायला तोंड उघडलं नाही. मुकाट्याने सही केली. त्याच कागदापायी अजून इथे आहे. सांग ना आता सगळ्यांसमोर, काय समजलं होतं मला?”