मस्त पेशी

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. घर पाळण्यांनी आणि पाहुण्यांनी भरलेलं. त्या गडबडीत मागच्या अंगणातल्या मधपेट्या साफ करताना मामांना माशी चावली. मामा जन्मभर माश्यांत वावरलेले, डंख खाऊन कधी हूं की चूं केलं नव्हतं. पण त्या दिवशी ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या आणि ते दारातच मटकन खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत मामींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सगळी गल्ली त्यांना मामा-मामीच म्हणे, ते भाचीमुळे. आईविना ती याच घरात वाढली आणि शिकून संशोधक झाली. एकाला धूळ सोसत नाही, दुसऱ्याला शेंगदाणा, तिसऱ्याला माशी, असं का होतं हे ती प्रयोगशाळेत शोधायची. मामा घरी आले तशा मामी थेट तिच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यांना झालं काय, ते मला डोळ्यांनी दाखव."

भाचीनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "जिच्यात जांभळे दाणे ठासून भरलेत ना, ती मास्ट पेशी. कातडीखाली पहारा देते. शत्रू आला की पोतं फोडून दाणे उधळते."

"उधळू दे की."

"मामाच्या पेशींनी माशीच्या विषालाच मोठा शत्रू धरलंय. सगळ्या एकदम फुटतात. मग अंग सुजतं, श्वास कोंडतो, माणूस जातोसुद्धा."

मामी बराच वेळ भिंगातून डोळा काढीनात. मग म्हणाल्या, "आणि असल्यांना मस्त म्हणता?"

"मस्त नाही गं, मास्ट! शोधणाऱ्याला वाटलं, या खाऊन खाऊन फुगल्यात. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणं, त्यावरून नाव पडलं."

"मग मस्तच की. खाऊन मस्तावलेल्या. आमच्या ह्यांच्यासारख्या."

त्या दिवसापासून घरात 'मस्त' म्हणजे धोका. मुलाबाळांना तो शब्द बंद झाला.

भाचीनं पेनासारखं एक इंजेक्शन दिलं. पुन्हा तसं झालं तर मांडीत टोचायचं, कपड्यावरून चालतं, आणि लगेच दवाखाना गाठायचा. दुसरा एक उपायही सांगितला. माशीचंच विष थेंबाच्याही अंशानं टोचत, वाढवत न्यायचं. पेशी हळूहळू शांत होतात, पण वर्षानुवर्षं जावं लागतं.

"माझ्याच माश्या, आणि मला त्यांचं विष परक्याच्या सुईनं?" मामा उखडले. "जमायचं नाही."

"मग पेट्या देऊन टाका," मामी म्हणाल्या.

"आणि मी काय घरात बसून माश्या मारू?"

मामा पेट्यांकडे जात राहिले. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. भाजी करपायची, दूध उतू जायचं. पेन मात्र कमरेला खोचलेलं.

एका सकाळी अंगणातून "आई गं!" ऐकू आलं. मामी धावल्या. मामा बोट धरून उभे.

"काय झालं? कसं वाटतंय?"

"मस्त!" मामा वैतागून ओरडले.

मामींनी पुढचं ऐकलंच नाही. पेन काढलं आणि खच्चकन मांडीत टोचलं.

पुढचं होतं, "गुलाबाचा काटा घुसलाय!"

भाची दवाखान्यात धावत आली तेव्हा पेनातल्या औषधानं मामा खाटेवर थरथरत होते, छाती धडधडत होती. बाकी सगळं ठीक होतं.

"मामी, टोचलंस कशावरून? काय दिसलं तुला?"

"दिसलं काही नाही गं. हेच म्हणाले, मस्त."

भाचीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"हसा," मामा म्हणाले, "काट्याला सुई! आणि ही..." ते मामींकडे वळले आणि थांबले. मामी हसत नव्हत्या. रिकामं पेन अजून मुठीत आवळलेलं, बोटं पांढरी पडलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामांनी एकेक बोट उलगडून ते पेन काढून घेतलं.

"कधीपासून सुरू करायच्या तुझ्या त्या सुया?" त्यांनी भाचीला विचारलं. "लवकर बघ. माशीच्या आधी ही बाई मला मारील."

मग मामा नेमानं दवाखान्यात सुया घ्यायला जाऊ लागले. सुई घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसावं लागे, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवाल्यांना मधाची माहिती द्यायचे. पेट्या अंगणातच राहिल्या.

पुढं एकदा खरीच माशी चावली. मामी नवं पेन घेऊन समोर बसल्या. बोट सुजलं, एवढंच.

"कसं वाटतंय?"

मामांनी तोंड उघडलं. पेनाकडे पाहिलं. "बरं वाटतंय," ते जपून म्हणाले.

जुळी नातवंडं शाळा संपवून बाहेर पडली त्या वर्षी, थंडीत, दुपारचं जेवून आडवे झालेले मामा झोपेतच गेले. माशी चावलेली नव्हती.