फोटोखालची ओळ

"हात नको, चेहरा हवा," ललित म्हणाला आणि मोबाईलवरचा फोटो बोटाने पुढे सरकवला. भिंतीवर वरणाचं पातेलं आणि पळी धरलेला एक हात मोठा होऊन दिसत होता, तो गेला. "वाढणारा हात सगळेच टाकतात. लोक थांबतात ते घेणाऱ्याचे डोळे बघून."

पर्वत पाटिया भागातल्या त्या हॉलमध्ये वीसेक माणसं बसली होती. पुढच्या दोन रांगांत साडीचे व्यापारी होते. त्यांचा भाग सकाळीच आटोपला होता: पेज कसं उघडायचं, नवी डिझाइन लाइव्ह कशी दाखवायची, गिऱ्हाइकाला उत्तर किती वेळात द्यायचं. आता मागच्या रांगेतल्या सेवासंस्थांची पाळी होती. रक्तदानवाले होते, पापड करणाऱ्या बायकांचा गट होता आणि खान्देशी मंडळाचे बाबुराव होते. बाबुरावांचं मंडळ लूमच्या गल्लीत दुपारचं अन्नछत्र चालवायचं. तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या उषाबाईंना ते बरोबर घेऊन आले होते. सगळ्यांना शिकवायला म्हणून ललितने उषाबाईंचाच मोबाईल प्रोजेक्टरला जोडला होता.

"पण सर," पापडवाल्या गटातल्या एकीने विचारलं, "फोटो काढताना त्या माणसाला विचारायला नको?"

"ताई, ताटावर बसलेला माणूस नाही म्हणत नाही," ललित म्हणाला. व्यापारी हसले. हे वाक्य तो प्रत्येक कार्यशाळेत म्हणायचा आणि प्रत्येक ठिकाणी लोक हसायचे.

त्याने पुढचा फोटो आणला. रिकामी पंगत. पुढचा. भाकऱ्यांची चळत. पुढचा आला आणि त्याचं बोट काचेवर टेकलं तिथेच राहिलं.

भिंतीवर त्याचे वडील जेवत होते.

मांडी घालून, उजव्या गुडघ्यावर कोपर टेकवून. हातात भाकरीचा तुकडा होता आणि फोटो काढणाऱ्याकडे त्यांनी मान वर करून बघितलं होतं. अंगात निळ्या रेघांचा शर्ट होता. दिवाळीला रंजनाने, ललितच्या बायकोने आणलेला.

ललितने घाईने फोटो सरकवला.

"थांबा, थांबा," बाबुराव उठून उभे राहिले. "मागे घ्या सर. तुम्ही म्हणता तसा चेहरा हाच की."

"हा जरा हललाय."

"कुठे हललाय? किती साफ आलाय."

व्यापाऱ्यांपैकी एक जण गुजरातीत म्हणाला की खरंच, या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघवत नाही. ललितने फोटो मागे घेतला. भिंतीवरचे आबा पुन्हा त्याच्याकडे बघू लागले. हॉलमध्ये त्यांना ललितचे वडील म्हणून ओळखणारं कुणी नव्हतं. आबांची सगळी हयात पलसाण्याकडच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत, लूम चालवण्यात गेली होती. आई गेल्यावर, आठ महिन्यांपूर्वी, ललितने त्यांना इकडे फ्लॅटवर आणलं होतं. आणि ललितला तर सगळे नुसतं 'ललित सर' म्हणत. कार्डावर त्याने आडनाव छापलं नव्हतं.

"नाव काय यांचं?" बाबुरावांनी उषाबाईंना विचारलं.

"धुडकू. आडनाव नाही सांगत. पाच-सहा महिने झाले, रोज येतात."

"घरी कोण आहे?"

"कोणीच नाही म्हणतात. बायको गेली. मूलबाळ नाही." उषाबाईंनी पदर सारखा केला. "पण सर, मी त्यांना काही विचारलेलं नाही. फोटो असाच काढला होता. उद्या विचारून मग टाकला तर?"

ललितला तेवढंच म्हणायचं होतं: हो, विचारून टाका. पण पापडवाली बाई त्याच्याकडे बघत होती, आणि थोड्या वेळापूर्वीचं हसू अजून समोरच्या रांगेत रेंगाळत होतं.

"काही हरकत नाही," तो म्हणाला.

"मग लिहा की सर. तुमच्या हाताने लिहा, आम्हाला कळेल कसं लिहायचं ते," बाबुराव म्हणाले.

भिंतीवर, फोटोखालच्या रिकाम्या चौकटीत, एकेक अक्षर उमटू लागलं. सगळा हॉल ते वाचत होता. 'धुडकू आजोबा. ज्यांना या शहरात आपलं म्हणायला कोणी नाही.' ललितचा अंगठा थांबला. मग शिकवायची सवय होती म्हणून की काय, त्याने सुरुवातीला जाऊन आणखी एक शब्द घातला. 'निराधार.'

"बघा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला नेहमीसारखाच वाटला. "पहिल्या शब्दातच सगळं सांगायचं."

बाबुरावांनी टाळी वाजवली. मागोमाग बाकीच्यांनीही वाजवली.

*

घरी आला तेव्हा आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आठव्या मजल्यावरून खाली उड्डाणपूल दिसायचा. ते तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचे. आत टीव्ही चालू होता आणि ललितची मुलगी प्रिया आईशी गुजरातीत कशावरून तरी वाद घालत होती. चाळीस वर्षांच्या लूमच्या खडखडाटाने आबांचे कान गेल्यातच जमा होते. घरात कुणी काही बोललं की ते आधी हसायचे, आणि मग कुणी पुन्हा सांगतंय का याची वाट बघायचे. बहुतेक वेळा कुणी सांगायचं नाही.

"आबा दुपारी जेवतात ना?" ललितने स्वयंपाकघरात जाऊन रंजनाला विचारलं.

"म्हणजे काय? मी कामावर जाताना डबा भरून ठेवते. संध्याकाळी धुतलेला असतो." ती त्याच्याकडे वळली. "काही म्हणाले का?"

"नाही. सहज."

त्याने तिला फोटो दाखवला नाही. जेवताना आबांच्या ताटात त्याने स्वतः भाजी वाढली. तशी तो कधी वाढत नसे. आबांनी भाजीकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

तीन दिवसांत तो फोटो चाळीस हजार माणसांनी पाहिला. बाबुरावांचे रोज फोन यायचे. एका व्यापाऱ्याने वर्षभराची तूरडाळ कबूल केली, दुसऱ्याने मोठी शेगडी. ललित 'छान, छान' म्हणायचा आणि फोन ठेवला की पेज उघडून प्रतिक्रिया वाचायचा. बहुतेक हात जोडलेले होते. अधूनमधून कुणीतरी लिहिलेलं असायचं: 'यांना मूलबाळ नाही हेच बरं. असून असं बसावं लागलं असतं तर?' ती प्रतिक्रिया दोनशे जणांना आवडली होती.

*

रविवारी सकाळी आबा त्याच्या खोलीच्या दारात आले. हातात ललितचाच जुना मोबाईल होता, त्यांना दिलेला.

"भटूनी धाडेल शे," ते म्हणाले. "दख."

हा भटू कोण हे ललितला माहीत नव्हतं. पंगतीत शेजारी बसणारा कुणी असावा. मोबाईलवर तोच फोटो होता. आबांना वाचता येत नसे, सहीपुरतं नाव तेवढं गिरवता यायचं. त्यांनी फोटोखाली बोट ठेवलं.

"आठे काय लिखेल शे? वाच बरं."

ललितने मोबाईल हातात घेतला. आबा पलंगाच्या कडेला बसले आणि ऐकू यावं म्हणून त्यांनी डावा कान त्याच्याकडे केला.

"धुडकू आबा," ललितने वाचलं. तो थोडा मोठ्याने वाचत होता. "चाळीस वर्षं लूम चालवणारे जुने कारागीर. आमच्या पंगतीत रोज येतात, हा आमचा मान."

आबा बराच वेळ मान हलवत राहिले.

"चांगलं लिखेल शे," ते म्हणाले. मग मोबाईल परत घेत म्हणाले, "भटूनी वाचं तवय दुसरंच व्हतं."

आतल्या खोलीत प्रिया शाळेची कविता पाठ करत होती. ललितने चादरीची सुरकुती सपाट केली, ती पुन्हा वर आली.

"नंतर बदललं असेल," तो म्हणाला.

"हां. बदली टाकं व्हई."

आबा उठले नाहीत. ललितला वाटलं, ते उठत नाहीत म्हणजे आपण काही विचारलं पाहिजे. घरात आबा अहिराणीत बोलायचे आणि तो मराठीत उत्तर द्यायचा. आई होती तोवर तोही अहिराणीत बोलत असे.

"आबा, घरी डबा असतो ना. तिथे कशाला जाता?"

"डबा मी वाचमनले देस. एकला जेवाले माले गोड लागत नही." ते किंचित हसले. "तठे समदा खात्यानाच माणसं शेतस. समदा बहिरा. जोरमा बोलतस. माले ऐकू येस."

"आणि कोणी नाही असं का सांगितलंत?"

"जेनं कोनी नही तेलेच बसू देतस तठे." आबांनी मोबाईल खिशात घातला, वरून हाताने चाचपला. "आनि तुनं नाव सांगतू ते लोक काय म्हनतात? एवढा मोठा पोऱ्या, आनि बापले जेवाले देत नही. मंग नही सांगं. बरं करं ना?"

ललितने मान हलवली. ती कशी हलली, हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यालाही कळलं नाही. ती ओळ कुणी लिहिली हे आबांनी विचारलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि ते सांगताना त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मग दिवसभर त्याला शरम वाटत राहिली.

*

सोमवारी सकाळी त्याने बाबुरावांना फोन केला आणि म्हणाला, ती ओळ बदलू या.

"का हो सर? त्या ओळीनेच तर काम केलं. डाळवाले शेठ म्हणाले, निराधार वाचलं आणि घास उतरेना. हात नका लावू तिला."

"मला तुमच्याशी बोलायचंय. समोरासमोर."

"मग या की दुपारी. मी बाहेर आहे, पण उषाबाई असतील. जेवूनच जा."

लूमच्या गल्लीत त्याला गाडी आणता आली नाही. तो चालत आत गेला. दोन्ही बाजूंच्या खात्यांतून खडखड येत होती, आणि ती पायांतून वर चढत होती. लहानपणी आईबरोबर आबांचा डबा घेऊन तो अशाच एका गल्लीत यायचा. वाटेत त्याने एकच वाक्य मनात घोळवलं होतं: उषाबाई, ते माझे वडील आहेत. बाकीचं त्यानंतर सुचेल, असं त्याने ठरवलं होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन पंगती बसल्या होत्या. तीसेक म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत असल्यासारखी बोलत होती, आणि हसतही होती. दुसऱ्या पंगतीत, भिंतीकडून तिसरे, आबा होते. ते शेजारच्याला हातवारे करून काहीतरी सांगत होते. शेजारचा हसता हसता ठसकला तसा आबांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. घरात आबांना इतकं बोलताना ललितने आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"अरे, सर तुम्ही!" उषाबाई भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या. "बघा, कळण्याची भाकरी आहे आज. बसा."

"उषाबाई," ललित म्हणाला. तो आबांच्या समोर जाऊन उभा राहिला होता. "मला तुम्हाला सांगायचं होतं..."

"काय म्हणता?" आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मग तो आबांकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. त्या वाकून मोठ्याने म्हणाल्या, "धुडकूबाबा, ओळखलं का यांना?"

आबांनी वर बघितलं. त्यांची नजर ललितच्या बुटांवरून चेहऱ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. भिंतीवरच्या फोटोत होती तशीच ती थेट होती.

"नही," आबा म्हणाले. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मी कसा वळखसू? पन या त्याच सायेब ना, मना फोटोखाले लिखनारा?"

"हो, हेच ते," उषाबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना बाबा तुम्हाला दुसऱ्याच दिवशी, ललित सरांनी लिहिलंय म्हणून. तुमच्यामुळे वर्षाची डाळ आली हो, सर."

पंगतीतल्या दोघातिघांनी माना वर करून ललितकडे बघितलं. शेजारच्याने आबांना कोपराने ढोसून काही विचारलं. आबा थोडे सरकले आणि सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं धोतराला पुसली आणि ललितकडे बघत दोन्ही हात जोडले.

उषाबाईंनी त्या जागेवर ताट ठेवलं. ललित बसेपर्यंत आबांनी हात खाली घेतले नाहीत.