कोरड्या पाठीची कोयरी

मी एक स्टेन्सिल बोलतेय. म्हणजे भोकं पाडलेला प्लास्टिकचा तुकडा. भिंतीवर उमटलेली कोयरी बघून लोक ‘वा’ म्हणतात, तेव्हा ते माझ्या भोकांचं कौतुक करत असतात. उरलेल्या मला कुणी विचारत नाही. माझी काही तक्रार नाही. आत काही नसण्याच्या जोरावर नाव कमावलेली माणसंही मी या शहरात पुष्कळ पाहिली आहेत.

जन्माने मी एक्स-रे. बापूरावांच्या उजव्या गुडघ्याचा. बापूराव म्हणजे मला घडवणाऱ्या कौशल्याचे वडील. बार्शीहून गुडघा दाखवायला ते पुण्यात लेकीकडे आले. डॉक्टरांनी मला उजेडासमोर धरलं, बराच वेळ पाहिलं आणि ‘वय झालंय’ असं निदान केलं. हे बापूरावांना गावीच ठाऊक होतं. ते गुडघा घेऊन परत गेले आणि मी बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत कपाटावर धूळ खात पडले.

कौशल्याने मला तिथून ओढून काढलं. गरम पाण्यात सोडा घालून असं घासलं, की गुडघा पार निघून गेला आणि मी पारदर्शक झाले. मग स्वतःच्या लग्नातल्या साडीच्या काठावरची कोयरी तिने पेनाने माझ्यावर उतरवली आणि ब्लेडने कापायला बसली. कापताना तिची जीभ दातांत असायची आणि गॅसवरचं दूध उतू जायचं. दोन दुपारी आणि दीड लिटर दूध, एवढ्यात मी तयार झाले.

तिचा नवरा उत्तरेश्वर रंगाची कामं घ्यायचा. सहा वर्षं त्या घरात अशीच वाटणी होती. ब्लेड बायकोचं, भिंत नवऱ्याची. कौशल्याने कापलेली एकही वेल तिने भिंतीवर चढलेली पाहिली नव्हती. फोनमधले फोटो बघायचे आणि पोळ्या लाटायच्या. एक दिवस तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, “मला एक भिंत पायजे.”

उत्तरेश्वरने आधी हसून पाहिलं, मग गप्प राहून पाहिलं. शेवटी म्हणाला, “देतो एक. पर बिघडली, तर पुन्हा इषय काढायचा न्हाई.”

“न्हाई काढणार,” ती म्हणाली.

ती एक भिंत निघाली खराडीत, अकराव्या मजल्यावर, केयूर आणि ऋचा या नवरा-बायकोच्या नव्या फ्लॅटमध्ये. दोघंही तिथल्याच आयटी कंपनीत. सोफ्यामागची भिंत त्यांनी आधीच हौसेने टेक्स्चर करून घेतली होती. जाड वाळूचा लेप मारून मुद्दाम खडबडीत केलेली. माणसं आयुष्यभर गुळगुळीत भिंतीसाठी झटतात आणि परवडायला लागलं, की ती खडबडीत करून घेतात. त्या खडबडीवर ऋचाला मोरपंखी कोयऱ्या हव्या होत्या.

आता धंद्यातलं थोडं सांगते. गुळगुळीत भिंतीवर मी चपखल बसते. टेक्स्चरच्या भिंतीवर माझ्याखाली जागोजागी फटी राहतात आणि रंग जरा जास्त झाला, की तो चोरपावलांनी माझ्या पाठीमागे शिरतो. मग कोयरीची वांगी होतात. कौशल्याने स्वतःच्या मोरीच्या खरबरीत भिंतीवर महिनाभर झगडून यावर उपाय शोधला होता. स्पंज रंगात बुडवायचा, मग वर्तमानपत्रावर दाबत राहायचं, स्पंजात रंग उरलाय की नाही अशी शंका येईपर्यंत. मग नुसतं टिपत जायचं. एक हात, वाळला की दुसरा, मग तिसरा. प्रत्येक छापानंतर ती मला उलटं करून बघायची. माझी पाठ कोरडी, म्हणजे काम चोख.

त्या दिवशी सकाळी बारा कोयऱ्या झाल्या आणि बाराही वेळा माझी पाठ कोरडी होती. कौशल्या शिडीवर काहीतरी गुणगुणत होती. उत्तरेश्वर खाली उभा राहून वर बघत होता आणि त्याला चूक सापडत नव्हती. मला तर नवरीसारखं वाटत होतं.

अकराच्या सुमारास दिगंबरपंत आले. केयूरचे वडील. मुलगा-सून ऑफिसात, तेव्हा कामावर लक्ष ठेवायला नारायण पेठेतून आलेले. सोबत पत्नी मंदाकिनीबाई आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी. दिगंबरपंतांनी तीस वर्षं एका कचेरीत स्टोअरकीपरचं काम केलं होतं. जुन्या पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय त्यांनी साहेबालासुद्धा नवी पेन्सिल दिली नव्हती, आणि हे ते कुणी न विचारता सांगत.

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि कौशल्याला वर्तमानपत्रावर स्पंज दाबताना पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांना राहवेना.

“बाई, रंग भिंतीला लावायचाय की पेपरला?”

“जास्तीचा टिपून घेतीय, आजोबा. न्हाईतर खाली पसरतो.”

“जास्तीचा? म्हणजे रंग जास्त झालाय म्हणता? डबा आमचा आहे, तो आम्ही भिंतीसाठी आणलाय. पेपर आम्ही वाचतो.”

“आजचा न्हाई, परवाचा हाय.”

“तो मुद्दा नाही,” दिगंबरपंत म्हणाले आणि उठलेच. “द्या इकडे. भरपूर रंग लावला तर एका हातात काम होतं. तीन-तीन हात कशाला?”

कौशल्याने नवऱ्याकडे पाहिलं. पुढचं काम मिळायचं असेल, तर मालकाच्या वडिलांना नाही म्हणायचं नसतं, हे उत्तरेश्वर सहा वर्षांत शिकला होता. “दे गं त्यांना,” तो म्हणाला. “हौस हाय त्यांची.”

तिने स्पंज दिला. देताना तिची बोटं दोन क्षण त्यावरून सुटत नव्हती, ते मी पाहिलं.

दिगंबरपंतांनी स्पंज डब्यात बुडवून बाहेर काढला तो ठिबकतच. मला डाव्या पंजाने भिंतीवर दाबून धरलं आणि तीस वर्षं वाचवलेली सगळी सामग्री एकदम वाटून टाकावी तसा रंग थापला. मी ओरडले असते, पण माझ्याकडे भोकं असली तरी तोंड नाही. रंग माझ्या पाठीवरून घळाघळा खाली गेला. मला उचललं, तेव्हा भिंतीच्या बरोबर मधोमध, सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोक्यामागे, एक भलंमोठं मोरपंखी वांगं लटकत होतं. देठासकट.

मंदाकिनीबाईंनी खिचडीचा डबा बंद केला. दिगंबरपंत “भिंतच नीट नाही” असं म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. कौशल्याने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, पण वाळूच्या खळग्यांत शिरलेला रंग निघतो थोडाच. पुसलं तसं वांगं आणखी पिकलं. मग तिने डोळे पुसले आणि उरलेल्या कोयऱ्या तिच्या पद्धतीने पूर्ण केल्या. मोजून सव्वीस. त्या सव्वीसही वेळा तिने माझी पाठ बघितली.

संध्याकाळी केयूर आणि ऋचा आले. ऋचाने बॅग खाली ठेवली, भिंत पाहिली, खूश झाली, आणि मग तिची नजर मधोमध गेली.

“हे काय झालंय? हे कोणी केलं?”

दिगंबरपंतांचा उजवा हात पायजम्याच्या खिशात होता. ते छताकडे बघू लागले. उत्तरेश्वरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ऋचाकडे, आणि घाईघाईने म्हणाला, “मॅडम, हिची पयलीच भिंत हाय. हात बसला न्हाई अजून. मी करून देतो नीट.”

कौशल्याचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी तिच्या हातातच होते. ती रडली नाही. फक्त माझी कडा तिच्या बोटांत वाकत गेली आणि तिथे मला पहिली चीर पडली. बेचाळीस डिग्रीत गच्चीवर वाळताना मी तडकले नव्हते. त्या एका वाक्याने तडकले.

तेवढ्यात मंदाकिनीबाई म्हणाल्या, “अहो, खिशातला हात बाहेर काढा. नवा पायजमा आहे.”

दिगंबरपंतांनी हात काढला. धुऊनही मनगटापर्यंत मोरपंखी.

“बाबा,” केयूर म्हणाला, “सीरियसली?”

“मी फक्त पद्धत दाखवत होतो,” दिगंबरपंत म्हणाले. मग जरा थांबून, जणू पेन्सिलीचं थोटूक परत करावं तसं, कौशल्याकडे न बघता म्हणाले, “बाईंचं बरोबर होतं. आमचं चुकलं.”

ऋचाने विचारलं, आता या डागाचं काय करायचं. कौशल्या म्हणाली, “लेप खरवडून पुन्हा भरावा लागंल. न्हाईतर आजोबांचा मोठा फोटो लावा त्याच्यावर.”

“मी अजून आहे,” दिगंबरपंत म्हणाले.

“हार घालू नका म्हणजे झालं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. फोटो लागला. नंतर त्यांच्या बेडरूमच्या कामाला मला नेलं, तेव्हा मी तो पाहिला. चेहऱ्यावर स्टोअर उघडं ठेवून कुणीतरी जेवायला गेल्याचा भाव आहे.

परतताना स्कूटरवर हडपसरच्या सिग्नलला कौशल्या बोलली. “त्या म्हाताऱ्याचं मला कायबी वाटलं न्हाई. त्यो परका हाय. तुमी सगळं बघितलं हुतं, तरी माझं नाव पुढं केलंत.”

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी उत्तरेश्वरने स्कूटर हलवली नाही. “चुकलं,” तो म्हणाला. मागच्या रिक्षावाल्याने ते ऐकलं असावं, कारण त्याने उत्तरेश्वरला आणखी दोन विशेषणं लावली.

त्याला दोन वर्षं झाली. आज मी थकले आहे. माझ्या कोयरीमधल्या बारीक पट्ट्या तुटत चालल्यात, अंगावर रंगाचे एवढे थर बसलेत, की मी पूर्वी आरपार दिसायचे हे मलाही खरं वाटत नाही. आजची भिंत माझी शेवटची. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी कामात असेल तर त्याच्या हातातला स्पंज काढून घेऊ नका. आणि आपल्याच घरातल्या माणसाच्या हातचा तर नकोच.

आत्ता मी शिडीच्या पायरीवर पडले आहे. उत्तरेश्वर खाली बसून प्रायमर ढवळतोय. घरमालक आत आले आणि त्यालाच म्हणाले, “काय हो पेंटर, ही डिझाइन जरा मोठी करता येईल का?”

उत्तरेश्वरने मान वर केली नाही. “मला न्हाई सांगता येणार, साहेब,” तो म्हणाला. “वर मॅडम हायेत, त्यास्नी इचारा.”